पंचवीस तारखेचा रकाना

प्रवास हा माणसाला दोनदा करावा लागतो; एकदा वहीत आणि एकदा पायांनी. यांतला पहिला फुकट होतो, म्हणून त्याची कोणी फारशी कदर करीत नाही. पण मला विचाराल तर अर्धी गंमत त्या पहिल्या प्रवासातच आहे. वहीत गाडी कधी चुकत नाही, पाऊस पडत नाही, मुक्कामाच्या गादीत ढेकूण निघत नाहीत. सकाळी आठला एक देऊळ, दहाला एक किल्ला, बाराला जेवण असे लिहीत गेले, की देऊळ, किल्ला आणि जेवण ही तिन्ही शहाण्या मुलांसारखी ओळीने उभी राहतात.

माझी तर उभी हयात रकाने भरण्यात गेली. सहकारी बँकेत पस्तीस वर्षे खतावणी आणि ताळेबंद यांच्या संगतीत काढल्यावर माणूस निवृत्त होतो. त्याची बोटे होत नाहीत. त्यामुळे २०२३ साली नाताळात लंडनला जायचे ठरले, तेव्हा मी आधी बाजारातून एक लांबट वही आणली, पट्टी घेतली आणि २० डिसेंबरपासून ३ जानेवारीपर्यंतचे पंधरा रकाने आखून टाकले.

लंडनच का आणि नाताळातच का, याला कारण होते. आमची लेक तिथल्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. तिला जाऊन दोन वर्षे झाली होती, आणि दोन्ही दिवाळ्या तिच्याविना गेल्या होत्या. त्या वर्षी लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होते. पण ऑगस्टातच तिने फोनवर सांगून टाकले, की सलग रजा मिळायची नाही; मिळेल ती वर्षाच्या अखेरीस, आणि तीही तुकड्यातुकड्यांनी. तेवढ्यात इकडे येऊन परत जाणे जमायचे नाही. माझ्या आईने फोन स्वतःकडे घेतला आणि म्हणाली, "तुला येता येत नाही ना? मग या दोघांना तिकडे पाठवते." आईचे वय ब्याऐंशी. या वयातल्या बायका सूचना करीत नाहीत; निकाल देतात.

विलायतेचा प्रवास व्हिसापासून सुरू होतो. प्रवासाच्या तारखेआधी तीन महिन्यांच्या आतच अर्ज करता येतो, आणि निकाल यायला साधारण तीन आठवडे लागतात. आमची तारीख २० डिसेंबर, म्हणजे अर्जाचा पहिला दिवस २० सप्टेंबर. त्या वर्षी गणेशचतुर्थी आली होती १९ सप्टेंबरला. सौ. म्हणाली, "योग बरा आहे. गणपती बसवा आणि अर्ज भरा." अर्जाला पैशांचे दाखले जोडायचे असतात, शिवाय आपण तिथेच ठाण मांडून बसणार नाही, परत येणार, हेही कागदांवरून पटवून द्यावे लागते. मी घराचे कागद जोडले, निवृत्तिवेतनाचा दाखला जोडला. सौ. बाजूने म्हणाली, "आईंचं नाव लिहा. त्यांच्या धाकानं तरी परत येणारच म्हणावं."

व्हिसा आला, तिकिटे निघाली आणि वहीला रंग चढू लागला. आमच्या शेजारचे एक गृहस्थ एकदा डिसेंबरच्या सुरुवातीला लंडनला जाऊन आले होते. त्यांनी रोषणाईची अशी काही वर्णने केली, की आमच्या आळीतली दिवाळी मला मिणमिणती वाटू लागली. त्यांचे बोलणे अगदीच खोटे नव्हते. रीजंट स्ट्रीटवर १९५४ सालापासून आणि ऑक्सफर्ड स्ट्रीटवर १९५९ सालापासून नाताळची रोषणाई होत आलेली आहे. ट्रफाल्गर चौकात तर एक सबंध झाड उभे करतात. दुसऱ्या महायुद्धात नॉर्वेचा राजा लंडनच्या आसऱ्याला होता. त्या उपकाराची आठवण म्हणून १९४७ सालापासून दरवर्षी ऑस्लो शहर तिथल्या जंगलातले साठ-सत्तर फूट उंचीचे झाड लंडनला धाडते. उपकार फेडायचे, पण फिटले असे कधी म्हणायचे नाही, ही रीत मला फार आवडली. झाडाला मी तेवीस तारखेच्या संध्याकाळचा रकाना दिला.

पण रोषणाई वहीत घालणे सोपे. सूर्य घालणे अवघड. डिसेंबरअखेर लंडनचा सूर्य सकाळी आठच्या सुमारास उगवतो आणि दुपारी चारच्या आत मावळतो. आमच्याकडे चार म्हणजे चहाची वेळ, तिथे दिवेलागण. हाताशी जेमतेम आठ तासांचा उजेड. मग मी रकान्यांचे दोन भाग केले: उजेडात उघड्यावरची स्थळे आणि अंधारात छपराखालची. ब्रिटिश म्युझियम शुक्रवारी उशिरापर्यंत उघडे असते, म्हणून ते शुक्रवारच्या संध्याकाळी. नदी, पूल, बागा हे सगळे दुपारच्या आत. तीस वर्षांपूर्वी ताळेबंद पहिल्या फटक्यात जुळला तेव्हा जो आनंद झाला होता, तोच मला या वाटणीत झाला.

आणि मग पेन चोवीस तारखेशी येऊन अडखळले.

ब्रिटिश म्युझियम २४, २५ आणि २६ डिसेंबरला बंद. नॅशनल गॅलरी त्याच तीन दिवशी बंद. चोवीस तारीख त्या वर्षी रविवारी आली होती, आणि रविवारी तिथली मोठी दुकाने सहाच तास उघडी असतात. पंचवीस तारखेला तर बंदचा कळस. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००४ सालचा एक कायदाच आहे, की २८० चौरस मीटरांहून, म्हणजे सुमारे तीन हजार चौरस फुटांहून, मोठ्या दुकानाने नाताळच्या दिवशी गिऱ्हाइकासाठी दार उघडता कामा नये. बरे, दुकाने बंद तर बंद. बसमधून नुसते शहर पाहावे म्हटले, तर बसही नाही. भुयारी रेल्वे नाही. आगगाडी नाही. जगातल्या पहिल्या भुयारी रेल्वेचे हे शहर त्या एका दिवशी सगळी चाके थांबवून बसते.

आणखी शोधल्यावर एक मौज कळली. १६४७ साली तिथल्या पार्लमेंटने नाताळ सणच रद्द केला होता. हा सण धर्मग्रंथात नाही, लोक निमित्त करून खातात-पितात आणि हुंदडतात, असे त्या कडक सोवळ्या मंडळींचे म्हणणे. त्या दिवशी दुकाने उघडी राहावीत असा सरकारचा आग्रह होता, आणि ज्यांनी ती उघडली त्यांच्याशी लोक भांडले. पुढे १६६० साली राजा गादीवर आला, तसा सणही परत आला. म्हणजे एकेकाळी दुकाने उघडा म्हणून हुकूम होता, आणि आज मोठी दुकाने उघडू नका म्हणून आहे. सण मात्र दोन्ही हुकूम पचवून बसला आहे. सण सरकारच्या हातात नसतात, हे आम्हां गणेशोत्सववाल्यांना कोणी वेगळे सांगायला नको.

मी पंचवीसच्या रकान्यापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढले आणि पुढे सरकलो. पण ऑक्टोबरात लेकीचा फोन आला, तो नेमका त्याच रकान्यावर येऊन आदळला.

"बाबा, पंचवीसला माझी दिवसपाळी आहे. सकाळी साडेसात ते रात्री आठ."

"नाताळच्या दिवशी? तुला सुटी नाही?"

"मी मागून घेतलीय."

मग तिने सांगितले ते असे. तिच्याबरोबर काम करणारी एक बाई आहे. तिची दोन मुले लहान आहेत, आणि नाताळच्या सकाळी आई घरात नसली की लहान मुलांचा सणच होत नाही. गेल्या वर्षी लेकीने तिची पंचवीसची पाळी केली. त्यावर ती बाई म्हणाली, तुमचा असा दिवस कोणता ते मला सांग. लेकीने लक्ष्मीपूजनाची तारीख सांगितली. तेव्हापासून ठरून गेले आहे: लक्ष्मीपूजनाला ती हिच्या जागी उभी राहते, नाताळला ही तिच्या.

"अगं, पण या वर्षी आम्ही येतोय ना," मी म्हटले.

"म्हणूनच आधी सांगतेय, बाबा. तिनं विचारलं होतं, तुझे आईवडील येतायत तर बदलू का म्हणून. मी नको म्हटलं. तिची मुलं काय दरवर्षी लहान राहणार आहेत?"

फोन ठेवला आणि सौ. चिवड्याचे पोहे निवडायला बसली. तिला राग आला की ती काहीतरी निवडायला घेते. बऱ्याच वेळाने म्हणाली, "सात समुद्र ओलांडून आपण जायचं, आणि सणाच्या दिवशी ही दुसऱ्याच्या मुलांसाठी कामावर." मी गप्प राहिलो. मनातून मलाही ते लागले होते. आपली मुलगी चांगली वागते याचा अभिमान आईबापांना असतोच. पण त्या चांगुलपणाचा खर्च आपल्या खात्यातून वळता झाला, की अभिमान थोडा आवरता घ्यावासा वाटतो.

तिढा सोडवला तो आईने. संध्याकाळी मी तिला सगळे वाचून दाखवले: दुकाने बंद, संग्रहालये बंद, गाड्या बंद, आणि नात कामावर. आई वाती वळीत होती. म्हणाली, "मग बरंच आहे की. सणाला माणसं घरी असतात म्हणायची तिकडे."

"अगं, पण आम्ही काय करायचं त्या दिवशी?"

"ती कामाला कशी जाणार? गाड्या नाहीत म्हणतोस ना."

"चालत. दीड मैल आहे म्हणे."

"अंधारात?"

"अंधारातच. आठला उजाडतं तिकडे."

"मग तुम्ही काय करायचं हे मला कशाला विचारतोस?" असे म्हणून आईने वात दिव्यात सोडली.

मी वही उघडली. पंचवीसच्या रकान्यातले प्रश्नचिन्ह खोडले आणि पहिली ओळ लिहिली: 'सकाळी पावणेसात, लेकीला पोहोचवणे.' शेवटची ओळ लिहिली: 'रात्री आठ, लेकीला आणणे.' दोन टोके पक्की झाली. आता मध्ये उरला होता एक सबंध दिवस, आणि तो पायी भागवायचा होता. खरे सांगतो, सबंध प्रवासात इतक्या आवडीने मी दुसरा कुठलाच रकाना भरला नाही. बाकीचे रकाने जे सगळे पाहतात त्याने भरले होते. हा एक माझा मला भरायचा होता. जे कधी बंद होत नाही, ज्याला तिकीट नाही आणि जिथे पायांनी जाता येते, असे त्या शहरात काय आहे? नकाशा पसरून बसलो आणि उत्तर सापडले: घरे. भिंतीवरच्या निळ्या चकत्या. थोर माणसे जिथे राहिली त्या घरांवर लंडनमध्ये गोल निळी पाटी लावतात, आणि पाटी वाचायला दार उघडावे लागत नाही.

आमचे बिऱ्हाड पॅडिंग्टनजवळ. तिथून चालण्याच्या अंतरावर, कालव्यालगतच्या हॉवली प्लेसमध्ये, दहा क्रमांकाचे घर आहे. तिथे १९१८-१९ साली लोकमान्य टिळक राहत होते. त्याच कालव्याच्या काठाने पूर्वेला दोन-अडीच मैल गेले, की प्रिमरोझ हिल ही टेकडी लागते. तिच्या पलीकडे किंग हेन्रीज रोडवर, आणि योग पाहा, पुन्हा दहाच क्रमांकाच्या घरात, १९२१-२२ साली डॉ. आंबेडकर राहत होते. एका पायवाटेच्या दोन टोकांना महाराष्ट्राची ही दोन घरे. कुठल्या सणाला ती बंद होणार?

बाकीची तयारी मग सोपी झाली. दूध, पाव, भाज्या आणि फळे तेवीस तारखेलाच भरून ठेवायची. चोवीसवर विसंबायचे नाही. पंचवीसला सव्वीसचीही सोय हाताशी हवी. पायांत जुने, सरावाचे बूट. पाठीवर थर्मास, धपाटी आणि लोणचे. सौ.चा राग तोवर निवला होता. तिने करंज्यांचा एक डबा वेगळा बांधायला घेतला. मी विचारले, हा कोणाला? म्हणाली, "त्या बाईच्या मुलांना. दिवाळीला आपल्या पोरीला मोकळं केलं ना तिनं."

पंचवीसची सकाळ तशीच आली, जशी लिहिली होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. सिग्नलचे दिवे मात्र इमाने इतबारे लाल-हिरवे होत होते, आणि आम्ही तिघे लाल दिव्याला उगाचच थांबत होतो. लेक मध्ये, आम्ही दोघे दोन बाजूंना. ती शाळेत जात असे तेव्हाही असेच चालत असू; फक्त तेव्हा मागे राहू नये म्हणून ती पळत असे, आता आम्ही. रुग्णालयाच्या दाराशी तिने हात हलवला आणि ती आत गेली. सगळ्या बंद शहरात ते एक दार सताड उघडे होते.

नऊ वाजता आम्ही हाइड पार्कातल्या सर्पेंटाइन तलावावर होतो. तिथल्या पोहण्याच्या मंडळात १८६४ सालापासून नाताळच्या सकाळी शर्यत लागते, आणि १९०४ साली 'पीटर पॅन'चे लेखक जे. एम. बॅरी यांनी तिला चषक दिला. अंतर शंभरच यार्ड. पण पाणी डिसेंबरचे. पिकल्या केसांची माणसे तोंडावरची रेषही न हलवता त्यात उतरताना पाहून सौ. म्हणाली, "आपल्याकडे नरकचतुर्दशीला ऊन ऊन पाण्यानं आंघोळ करायची तर निम्मी आळी कुरकुरते." मी त्या निम्म्यांतला असल्यामुळे पाण्याकडे पाहत राहिलो.

मग कालवा. हवा ढगाळ होती, पण बोचरी नव्हती. लेकीच्या चुलतभावंडांनी बर्फाची फर्माइश केली होती. लंडनने ती काही पुरी केली नाही. हॉवली प्लेसमधले घर पांढरे, नीटस, इतर घरांसारखेच. भिंतीवर टिळकांचे नाव. ही पाटी १९६१ साली लागली. चिरोलवरच्या बदनामीच्या खटल्यासाठी टिळक १९१८च्या ऑक्टोबरात लंडनला पोहोचले आणि १९१९च्या नोव्हेंबरात परत निघाले. म्हणजे महायुद्ध संपल्यानंतरचा पहिला नाताळ त्यांनी याच शहरात काढला. वय बासष्ट. मंडालेचा तुरुंगवास मागे, खटला पुढे. त्या दिवशी या गल्लीतली दारे अशीच मिटलेली असतील, आणि आतून भाजल्या-तळल्याचे वास येत असतील. मी बासष्टीचा झालो तेव्हा निवृत्तीच्या समारंभात मला एक शाल मिळाली होती. पाटीखाली उभे असताना ती शाल उगाच आठवली.

काठाची वाट पुढे रीजंट्स पार्कला लागून जाते. हा कालवा १८२० साली पुरा झाला. आता त्यावर होड्यांतून लोक संसार करतात. त्या दिवशी होड्यांच्या धुराड्यांतून धूर निघत होता आणि एका होडीच्या टपावर कोणीतरी हातभर उंचीचे नाताळचे झाड बांधले होते. प्राणिसंग्रहालय बंद, पण १९६५ साली पक्ष्यांसाठी उभारलेली त्याची उंच जाळी वाटेवरूनच दिसते. हल्ली तिच्यात माकडे ठेवली आहेत.

प्रिमरोझ हिल ही टेकडी म्हणजे आमच्या पर्वतीपुढे टेकाड; पण माथ्यावरून अवघे लंडन दिसते. तिथे बसून आम्ही धपाटी खाल्ली. आसपास पाच-पन्नास माणसे होती. कोणी नातवंडांना घेऊन आलेले, कोणी नवी सायकल शिकवणारे, कोणी कुत्र्याला फिरवणारे. दुकानांच्या झगमगाटात जे लोक मला घाईघाईने पिशव्या वाहताना दिसले होते, तेच इथे रिकाम्या हातांनी चालत होते, आणि समोर येणाऱ्या अनोळखी माणसालाही शुभेच्छा देत होते. सणाची रोषणाई बाहेरच्यांसाठी असते. सण असतो तो हा. शेजारच्या गृहस्थांनी महिनाभर पाहिलेली रोषणाई आणि आम्ही पाहिलेला हा एक दिवस यांत डावे-उजवे मला करायचे नाही. पण रोषणाई पाहून कळते ते त्या गावाचे ऐश्वर्य. दिवे सोडून सगळे बंद झाले, की कळते त्या गावाला काय प्रिय आहे ते.

आंबेडकर राहत होते ते घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले. आता ते स्मारक आहे. आम्ही फुटपाथवरूनच हात जोडले. तिशीतला एक माणूस, बायको-मुले मुंबईला, पैसा बेताचा. ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात उघडल्यापासून बंद होईपर्यंत वाचीत बसायचे हा त्याचा नेम. शहराचे दरवाजे मिटले की असा माणूस काय करीत असेल? खोलीत बसून वाचीत असेल, दुसरे काय! १९२३ साली लंडन विद्यापीठाची विज्ञानातली सर्वोच्च पदवी मिळवून देणारा 'रुपयाचा प्रश्न' हा त्यांचा प्रबंध अशाच दिवसांतून उभा राहिला. सौ. थोडा वेळ घराकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "यांना रात्री आणायला कोण जात असेल?" या प्रश्नाला उत्तर नव्हते. आम्ही आल्या वाटेने परत फिरलो. चारच्या आत अंधार पडला.

रात्री आठला आम्ही त्या उघड्या दारापाशी हजर होतो. लेक बाहेर आली ती हातात एक डबी घेऊन. त्या बाईने आदल्या दिवशीच तिच्या कपाटात ठेवली होती. वर लिहिले होते, 'तुझ्या आईवडिलांसाठी'. आत मिन्स पाय. सौ.ने नाव ऐकताच हात मागे घेतला. मिन्स म्हणजे खिमा, हे तिला ठाऊक होते. लेक हसली. फार पूर्वी त्यात मांस असे. आता सुका मेवा, सफरचंद आणि मसाले असतात, नाव तेवढे उरले आहे. सारणात कधीकधी प्राण्याची चरबी घालतात, म्हणून त्या बाईने दुकानात शोधून 'शाकाहारी' असे छापलेलीच डबी घेतली होती. सौ.ने तिथेच दिव्याखाली उभी राहून ते छापलेले अक्षर पाहिले, एक तुकडा मोडून तोंडात टाकला आणि निर्णय दिला: "करंजीच आहे. फक्त तळायची सोडून भाजलीय."

परत येताना दीड मैल आम्ही अगदी सावकाश चाललो. घाई नव्हती, गाडी नव्हती, चुकण्यासारखे काही नव्हते. लेकीने दिवसभराचे सांगितले: वॉर्डातल्या म्हाताऱ्यांना कागदी मुकुट घातले होते, ज्यांच्याकडे कोणी येणार नव्हते त्यांच्या खाटेशी ती पाळीपाळीने बसली होती. दोन वर्षांत फोनवर जे तिने सांगितले नव्हते, ते त्या रिकाम्या रस्त्यावर सांगितले. पहिल्या दिवाळीला ती या खोलीवर एकटीने पणती लावून रडली होती, हेही. सौ.ने तिचा हात धरला तो घर येईपर्यंत सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी, २६ तारखेला, तिला सुटी होती. तिकडे तो बॉक्सिंग डे. पूर्वी त्या दिवशी नोकरचाकरांना आणि घरोघर माल पोचवणाऱ्यांना पेट्यांतून बक्षिसी देत. आमची दिवाळीची पोस्त ती हीच. करंज्यांचा डबा त्या दिवशी योग्य घरी पोचला. आणि आमच्या पंचांगाप्रमाणे तीच दत्तजयंती होती. आईने बजावून पाठवले होते, म्हणून सुंठवडा केला. दत्तजन्म सूर्यास्ताला, त्यामुळे तो लंडनमध्ये दुपारी चारच्या आतच उरकला. आईला फोन लावला तेव्हा पुण्यात साडेनऊ वाजत आले होते. ती म्हणाली, "आमच्याकडे जन्म होऊन साडेतीन तास झाले. तुमच्या देवाला विमानानं यायला उशीर झाला वाटतं."

पुढल्या सगळ्या रकान्यांची हकीकत सांगत बसत नाही; पूल आणि राजवाडे जिथे होते तिथेच सापडले. पण वाचकांपैकी कोणी परमुलखातल्या शहरी तिथल्या मोठ्या सणात जायचे ठरवीत असेल, तर एवढेच सांगेन. आधी तो दिवस शोधा, ज्या दिवशी ते शहर बंद असते. त्याला टाळून तारखा आखू नका. वही तिथूनच भरायला घ्या. त्या दिवशी पायांनी किती जाता येते ते पाहा, आदल्या दोन दिवसांत शिधा भरा, आणि जमले तर एक गोष्ट विचारा: सगळे घरी असताना कामावर कोण आहे? आपल्याकडे तरी निराळे काय आहे? दिवाळीच्या चार दिवसांत आमच्या पुण्यातल्या खानावळी मिटतात, तेव्हा परगावच्या मुलांचे काय हाल होतात ते त्यांनाच विचारावे. आपण फराळाचे ताट पुढे ओढतो त्या वेळी कोणी एसटी चालवीत असतो, कोणी वॉर्डात सलाइनची बाटली बदलीत असते.

परत आल्यावर पुढच्या दिवाळीत सौ.ने फराळाचा एक डबा जास्तीचा भरला आणि आमच्या घरामागच्या रुग्णालयात घेऊन गेली. मीही सोबत होतो. लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ, फटाक्यांचा आवाज जिन्यापर्यंत येत होता. ड्यूटीवर केरळची एक तरुण परिचारिका होती, गळ्यात बारीकसा क्रूस. सौ.ने डबा पुढे केला आणि विचारले, "बाई, नाताळला तुला सुटी मिळते का गं?"

ती मोडक्या मराठीत म्हणाली, "मिळते ना. इथलीच एक ताई आहे, ती माझी ड्यूटी करते. आज मी तिची करते."